नेम आणि झोका

बहुतेक मैदानी खेळांत चेंडू धावत असतो आणि खेळाडूला त्याच्यामागे धावावे लागते. गोल्फचा खेळ याहून निराळा आहे. येथे चेंडू गवतावर स्वस्थ पडलेला असतो. प्रतिस्पर्धी तो अडवीत नाही, की हिरावून नेत नाही. टोकाशी लहानसे पाते असलेल्या लांब काठीने चेंडू टोलवावयाचा आणि शक्य तितक्या कमी टोल्यांत तो दूरच्या खळग्यात घालावयाचा, एवढाच हा खेळ. असे अठरा खळगे पार केले म्हणजे एक डाव पुरा होतो. ऐकताना हे सोपे वाटते. परंतु ज्याने काठी एकदा हाती घेतली, त्याला हा स्वस्थ पडलेला चेंडू किती हट्टी असतो, हे तत्काळ कळून येते.

या हट्टाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गोल्फच्या चेंडूचा व्यास सुमारे ४३ मिलिमीटर, म्हणजे लिंबाएवढा असतो. ज्या खळग्यात तो घालावयाचा, त्याची रुंदी १०८ मिलिमीटर असते. काठीचे पाते आणि चेंडू यांची भेट घडते, ती एका सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्या अल्प काळात पाते कोणीकडे वळलेले आहे, यावर चेंडूची दिशा मुख्यतः ठरते. पाते केवळ एका अंशाने चुकले, तरी सरळ रेषेच्या हिशेबाने दोनशे यार्डांवर चेंडू दहा फूट बाजूला पडतो. त्यातून चेंडूला गिरकी मिळाली, तर तो हवेत वळतो आणि अंतर आणखी वाढते.

पाते बिनचूक यावे, म्हणून खेळाडू काठी मागे नेऊन पुढे फिरवितो. तिच्या या झोक्याला ‘स्विंग’ असे म्हणतात. विटीदांडूच्या खेळात दांडू फिरविताना जसे मनगट, खांदे आणि कंबर एकमेकांना साथ देतात, तसेच येथेही घडते. मागे जाताना खांदे वळतात व शरीराचा भार एका पायावर येतो; पुढे येताना प्रथम तो भार दुसऱ्या पायाकडे सरकतो, मग कंबर वळते, मग हात खाली येतात आणि सर्वांत शेवटी पाते चेंडूवर आदळते. चाबकाच्या मुठीतील वेग जसा टोकाशी पोचेपर्यंत वाढत जातो, तशीच ही वेगाची साखळी आहे. परंतु आरंभापासून टोला बसेपर्यंतचा हा सारा व्यापार एक-दीड सेकंदात आटोपतो. एवढ्या अवधीत ‘आता कोपर असे ठेवू, आता गुडघा तसा वळवू’ असा विचार करण्यास मनाला सवड कोठून मिळणार? म्हणून गोल्फ शिकविणाऱ्यापुढे मोठाच प्रश्न उभा राहतो. झोक्याची अंगे अनेक. शिकणाऱ्याच्या मनात मात्र टोल्याच्या क्षणी एकच गोष्ट मावते.

हा प्रश्न ज्यांनी फार सुंदर रीतीने सोडविला, त्यांत अमेरिकेतील हार्वी पेनिक यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म टेक्सास राज्यातील ऑस्टिन या गावी १९०४ साली झाला. वयाच्या आठव्या वर्षी ते तेथील ऑस्टिन कंट्री क्लबच्या मैदानावर खेळाडूंच्या काठ्यांचे ओझे वाहू लागले. पुढे १९२३ मध्ये, ऐन तारुण्यात, त्याच क्लबचे ते प्रमुख शिक्षक झाले आणि १९७१ पर्यंत त्या पदावर राहिले. १९३१ ते १९६३ या काळात टेक्सास विद्यापीठाच्या संघालाही त्यांनी शिकविले. सॅम स्नीड या तरुण खेळाडूचे टोले एकदा त्यांनी जवळून पाहिले, तेव्हा आपले खरे क्षेत्र स्पर्धा हे नसून शिकविणे हे आहे, असे त्यांनी मनाशी ठरविले. दुसऱ्याचे थोरपण पाहून खिन्न न होता आपली वाट ओळखणे, हे सर्वांनाच साधत नाही.

पेनिक यांची पहिली रीत अशी की, ते झोक्याच्या अंगांची यादी सांगत बसत नसत. डोळ्यांपुढे उभे राहील असे चित्र देत असत. शिष्याच्या हाती कधी ते गवत छाटण्याचे लांब दांड्याचे हत्यार देत आणि रानफुलाचे डोके उडवावयास सांगत. गवत कापणारा मनुष्य हात कोठे आहेत याचा विचार करीत नाही. त्याची नजर गवताच्या बुंध्यावर असते आणि पाते आपोआप तेथून सरळ पुढे जाते. चेंडूवरून पाते जावयाचे, तेही असेच. शिष्य घाईने काठी हिसडू लागला, तर पाण्याने भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून मागेपुढे झुलविल्याची कल्पना करावयास ते सांगत. हिसका दिला की पाणी सांडते. लय राखली की थेंबही पडत नाही. खांदे, कंबर आणि पाय यांची योग्य साथ या एका कल्पनेने जुळून येते. आपल्याकडे दृष्टान्ताने अवघड विषय सोपा करण्याची परंपरा जुनीच आहे. पेनिक यांनी खेळाच्या मैदानावर तेच केले.

दुसरी रीत मुळापासून आरंभ करण्याची. झोका बिघडला, तर शिकविणारे बहुधा झोक्यालाच हात घालतात. पेनिक आधी निराळ्याच गोष्टी पाहत. काठी हातात कशी धरली आहे? चेंडू पायांपासून योग्य जागी आहे काय? खेळाडूचा रोख लक्ष्याकडेच आहे काय? उभे राहण्यातच चूक असेल, तर शरीर ती झाकण्यासाठी झोक्यात दुसरी चूक करते. भिंत तिरपी उभी राहिली, तर दोष पुष्कळदा पायाचा असतो, हे कुशल गवंड्याला ठाऊक असते.

नवशिक्याला शिकविताना ते खेळाचा क्रमही उलटा लावीत. शिकणाऱ्याला लांब टोले मारण्याची हौस असते. पेनिक मात्र त्याला प्रथम खळग्यापाशी नेत. तेथे चेंडू हलकेच खळग्यात ढकलण्याचा सराव झाला, की थोडे मागे यावयाचे, आणखी मागे यावयाचे आणि लांब टोला सर्वांत शेवटी शिकावयाचा. यात दोन लाभ होते. लहान झोक्यात चुका लहान राहतात. शिवाय, हा सारा खटाटोप अखेर कशासाठी आहे, हे शिकणाऱ्याच्या मनावर पहिल्याच दिवशी ठसते.

यासंबंधी एक गमतीची हकीकत प्रसिद्ध आहे. बेन क्रेनशॉ नावाचा एक लहान मुलगा त्यांच्याकडे शिकावयास आला. पेनिक यांनी एक काठी कापून त्याच्या उंचीची केली, ती कशी धरावी ते दाखविले आणि समोरच्या हिरवळीवर चेंडू मारावयास सांगितले. मुलाने पहिल्याच टोल्यात चेंडू तेथे पोचविला. आता तो खळग्यात घालू, असे गुरुजी म्हणताच मुलाने विचारले, की चेंडू खळग्यात हवा होता, तर तसे आधीच का सांगितले नाही? या निरागस प्रश्नात पेनिक यांच्या शिकवणीचे सारच आले आहे. एकदा चेंडूपाशी उभे राहिले, की हात, पाय, खांदे सारे विसरावे आणि केवळ लक्ष्याचे ध्यान करावे, असे ते सर्वांना सांगत.

तिसरी रीत शिष्य पाहून शिकविण्याची. क्रेनशॉ याच्याच काळात टॉम काइट हा दुसरा मुलगा त्यांच्याकडे शिकत होता. क्रेनशॉचा झोका निसर्गानेच दिलेला होता. फाजील सराव करून त्याने तो बिघडवू नये, याची पेनिक यांना काळजी असे. काइटने मात्र अखंड परिश्रमाने आपला झोका घडविला. एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला अपाय करील, म्हणून एकाचा पाठ चालू असताना ते दुसऱ्याला तेथे थांबू देत नसत. उपदेश हा औषधासारखा असतो. तो रोग्यागणिक बदलावा लागतो आणि मोजूनच द्यावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. त्यांची भाषाही तितकीच जपून वापरलेली असे. ‘हे करू नकोस’ असे सांगितले, की तीच चूक शिकणाऱ्याच्या मनात घर करते. म्हणून काय करावयाचे तेवढेच ते सांगत. या दोन्ही शिष्यांनी १९७२ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन स्पर्धेचे अजिंक्यपद बरोबरीने मिळविले. मिकी राइट, बेट्सी रॉल्स, कॅथी व्हिटवर्थ अशा थोर महिला खेळाडूंनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले.

आपले अनुभव पेनिक एका लाल वहीत टिपून ठेवीत. साठ वर्षे चाललेली ती वही त्यांनी मुलाखेरीज कोणास दाखविली नव्हती. उतारवयात मात्र हे ज्ञान आपल्याबरोबर नाहीसे होऊ नये, असे त्यांना वाटले. लेखक बड श्रेक यांच्या साहाय्याने १९९२ साली ते टिपण पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले आणि खेळावरील अत्यंत लोकप्रिय पुस्तकांत गणले गेले. त्याच वर्षी काइट यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली.

१९९५ च्या वसंत ऋतूत पेनिक अंथरुणाला खिळले होते. क्रेनशॉ त्या वेळी त्रेचाळीस वर्षांचे होते आणि त्यांचा खेळ उतरणीला लागला होता. ते गुरूंना भेटावयास गेले, तेव्हा त्या वृद्धाने त्यांना काठी आणावयास सांगितली आणि पडल्या पडल्या शेवटचा पाठ दिला. २ एप्रिल रोजी पेनिक निवर्तले. क्रेनशॉ व काइट यांनी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला आणि ऑगस्टा येथे भरणाऱ्या ‘मास्टर्स’ या मानाच्या स्पर्धेसाठी ते परतले. त्याच आठवड्यात क्रेनशॉ यांचे काठ्या वाहणारे सहकारी कार्ल जॅक्सन यांनी त्यांना सुचविले, की चेंडू पायांत किंचित मागे घ्या आणि खांद्यांचे वळण आटोपशीर ठेवा. दोनच लहान दुरुस्त्या. पण झोका पुन्हा सुरळीत झाला. ९ एप्रिल रोजी क्रेनशॉ यांनी एका टोल्याने ती स्पर्धा जिंकली. अखेरचा चेंडू खळग्यात पडताच ते जागीच वाकले आणि तोंड झाकून रडू लागले. नियमाप्रमाणे खेळाडूजवळ चौदाच काठ्या असतात. आपल्याजवळ पंधरावी होती आणि ती म्हणजे आपले गुरू, असे त्यांनी नंतर सांगितले.

आज छायाचित्रण आणि रडार यांच्या साहाय्याने काठीचा वेग व पात्याचा कोन क्षणात मोजता येतो. ही साधने निःसंशय उपयुक्त आहेत. तथापि, मोजलेल्या पन्नास आकड्यांतून शिष्याला आज कोणती एक गोष्ट सांगावयाची, हे यंत्र ठरवू शकत नाही. ते शिक्षकालाच ठरवावे लागते. पुष्कळ जाणावे, त्यातून निवडून थोडे सांगावे आणि सांगितलेले शिष्याच्या अंगी उतरेपर्यंत धीर धरावा, ही पेनिक यांची रीत होती. गणित, गायन वा हस्ताक्षर शिकविणाऱ्यालाही तीच मार्गदर्शक ठरेल.