मोसमी वारे आणि प्राचीन सागरी व्यापार

तांबड्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर, ईजिप्तच्या दक्षिण भागात, बेरेनिके नावाच्या प्राचीन बंदराचे अवशेष आहेत. तेथील सेरापिस देवाच्या मंदिराच्या अंगणात जमिनीत पुरलेला एक रांजण उत्खननात सापडला. त्याची घडण भारतीय असून त्यात सुमारे साडेसात किलो काळी मिरी होती. मलबारच्या डोंगरउतारांवर पिकलेली ही मिरी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्या वाळवंटाच्या कडेला जाऊन पोहोचली, ती वाऱ्याच्या बळावर.

उन्हाळ्यात आशिया खंडाची भूमी समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील हवा नैर्ऋत्येकडून वाहू लागते. हिवाळ्यात भूमी समुद्राच्या आधी निवते व वारे उलटून ईशान्येकडून वाहतात. हे रहस्य हिप्पालस नावाच्या नाविकास उमगले, असे ग्रीक परंपरा सांगते. अरब व भारतीय खलाशी मात्र पूर्वीपासूनच या वाऱ्यांवर जहाजे हाकारीत असत; शोध नवा होता तो ग्रीकांपुरता.

स्ट्राबो या भूगोलवेत्त्याने लिहून ठेवले आहे की, इ. स. पूर्व २५ च्या सुमारास मायोस होर्मोस या बंदरातून दरवर्षी १२० जहाजे भारताकडे जात. परत येणाऱ्या मालावर रोमन सरकार चतुर्थांश जकात घेई. भारत दरसाल साम्राज्यातील ५ कोटी सेस्टर्स नाणी ओढून घेतो, अशी प्लिनीने इ. स. ७७ च्या सुमारास तक्रार केली आहे. हा आकडा तंतोतंत मानण्याचे कारण नाही. तक्रारीतले आकडे फुगतातच. मालाबरोबर शब्दही गेले. संस्कृत 'पिप्पली'चे ग्रीक भाषेत 'पेपेरि' झाले व त्यावरून इंग्रजी 'पेपर' आले. वस्तुतः पिप्पली हे लेंडी पिंपळीचे नाव. ते परदेशात काळ्या मिरीलाही चिकटले.

परंतु विचार व धर्म यांच्या प्रसाराचे कारण शोधावयाचे तर जहाजाच्या वेगापेक्षा त्याच्या मुक्कामाकडे पाहिले पाहिजे. जुलैच्या सुमारास ईजिप्तहून निघालेले जहाज सप्टेंबरच्या आसपास भारताच्या किनाऱ्यास लागे. परतीचा वारा नोव्हेंबरनंतर मिळे. तोवर व्यापाऱ्याला थांबणे भागच होते. या काळात भाषा कानावर पडे, देणीघेणी ठरत, ओळखी वाढत. आणि कोणी कोणी कायमचे राहूनही जात.

मलबारच्या उत्तरेस भडोच व कल्याण ही बंदरे होती. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक नाविक-पुस्तकात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तेर आणखी दहा दिवसांवर असल्याचे म्हटले आहे. किनाऱ्यावरून पठारावर चढणाऱ्या अशाच घाटवाटांपैकी बोरघाटाजवळ कार्ल्याचे बौद्ध चैत्यगृह आहे. तेथील कित्येक स्तंभ यवनांनी दान दिल्याचे त्यांवरील लेख सांगतात. त्या काळी पश्चिमेकडील, विशेषतः ग्रीक, परकीयांस यवन म्हणत. हे सारेच समुद्रमार्गे आले असे म्हणता येणार नाही. तथापि त्यांपैकी एकाचे नाव 'सिहधय', म्हणजे सिंहध्वज, असे आहे. नाव भारतीय, दान बौद्ध संघाला, आणि ओळख मात्र अजून 'यवन' हीच.

याच्या उलट दिशेचा पुरावा पुन्हा बेरेनिके येथेच मिळाला. इ. स. २०२२ मध्ये तेथील इसिस देवीच्या मंदिरात सुमारे ७१ सेंटिमीटर उंचीची बुद्धमूर्ती सापडली. बाजूला कमळ आहे व मस्तकामागे किरणांचे प्रभामंडल आहे. दगड मात्र भूमध्य प्रदेशातील संगमरवर आहे. म्हणजे मूर्ती भारतातून नेलेली नसून ईजिप्तमध्येच घडविली असावी. त्याच मंदिरात रोमन सम्राट फिलिप (इ. स. २४४ ते २४९) याच्या कारकिर्दीतील एक संस्कृत लेखही मिळाला आहे.