टीएसएच नॉर्मल, तरी थकवा

१९१२ साली जपानमधल्या फुकुओका इथल्या हाकारू हाशिमोटो या तिशीतल्या शल्यविशारदांनी एका जर्मन नियतकालिकात निबंध लिहिला. गलगंडाची शस्त्रक्रिया झालेल्या चार बायकांच्या ग्रंथी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. नेहमीच्या गलगंडात न दिसणारी लिम्फोसाइट पेशींची दाटी त्यांना तिथे दिसली. निबंधाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. हाशिमोटो पुढे आपल्या गावी परतले, तिथे डॉक्टरकी केली आणि १९३४ साली विषमज्वराने गेले. आपण काय शोधलं, हे त्यांना कळलंच नाही. १९५६ साली लंडनमध्ये डेबोरा डोनियाक आणि आयव्हन रॉइट यांच्या गटाला, पुढे हाशिमोटोंच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटतं, ही कल्पना तोवर वैद्यकाला जवळजवळ अमान्य होती.

आज आपल्याकडे ‘मला थायरॉईड आहे’ असं सांगणारी बाई प्रत्येक बिल्डिंगमध्ये भेटते. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी जवळपास ११ टक्के लोकांची ग्रंथी मंदावलेली निघाली. प्रतिपिंडं तर सुमारे २२ टक्क्यांच्या रक्तात होती. यांतल्या बहुतेकांच्या मनात दोन प्रश्न असतातच. गोळी जन्मभर घ्यायची का? आणि खाण्यापिण्याने हे बरं होईल का?

गोळीची गोष्ट आजाराच्या नावापेक्षाही जुनी आहे. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे यांनी ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. सुजलेली, मंदावलेली ती बाई सावरली आणि उपचार घेत १९१९पर्यंत जगली. आज त्या अर्काच्या जागी लेव्होथायरॉक्सिनची स्वस्त गोळी आहे. ग्रंथीला जे बनवता येत नाही, तेच ती पुरवते. पण ग्रंथीवरचा हल्ला ती थांबवत नाही. आणि गोळी नीट घेऊन, टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी नॉर्मल येऊनही काही जणींचा थकवा, जडपणा, डोक्यातला गोंधळ जात नाही. अशा बाईला अनेकदा ‘रिपोर्ट चांगले आहेत, काळजी करू नका’ एवढंच ऐकायला मिळतं. आहाराच्या सगळ्या आशा आणि सगळा बाजार या एका वाक्यानंतर सुरू होतो.

आहाराची सर्वांत मोठी कथा आयोडीनची, आणि ती आपल्या देशाची आहे. १९५६पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीच्या भागाचे तीन विभाग केले. दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ वाटलं, एकात साधं. पाच वर्षांनी आयोडीन मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंड स्पष्ट घटला होता. त्यानंतर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आला, तो या मार्गाने.

पण कमतरता भरून निघाली की आयोडीनची दुसरी बाजू दिसू लागते. २००६ साली चीनमधल्या तीन भागांची पाच वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. आयोडीन किंचित कमी होतं तिथे स्वयंप्रतिकारक थायरॉईड आजाराचे नवे रुग्ण ०.२ टक्के, भरपूर होतं तिथे १ टक्का आणि अतिरेक होता तिथे १.३ टक्के. डेन्मार्कने २००० साली मिठात आयोडीन सक्तीचं केल्यावर तिथेही मंद थायरॉईडचे नवे रुग्ण काही काळ वाढले. म्हणून काही आयोडीनचं मीठ सोडायचं नाही. ते सोडलं तर कांगड्यातला गलगंड परत येईल, आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतंच. सैंधव किंवा गुलाबी मीठ उपासापुरतं ठीक, पण रोजच्या वरण-भाजीत तेच घालणं धोक्याचं. त्याचबरोबर ‘थायरॉईडसाठी’ म्हणून समुद्री शेवाळाच्या आयोडीनने भरलेल्या कॅप्सूल घेणं हाशिमोटोच्या रुग्णाने टाळावंच.

सेलेनियमची आशा २००२ साली जर्मनीत जागी झाली. तीन महिने रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिल्यावर प्रतिपिंडांची पातळी सुमारे एक-तृतीयांशाने उतरली. बातमी जगभर पसरली. नंतरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१३च्या कॉक्रन आढाव्याने मात्र हे औषध सुचवावं एवढा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. आकडा उतरला, पण बाईला बरं वाटलं का, गोळी कमी झाली का, याचं खात्रीचं उत्तर त्या अभ्यासांत नव्हतं. शिवाय सेलेनियम जास्त झालं की केस गळतात आणि नखं ठिसूळ होतात. केस गळतात म्हणूनच तर अनेक जणी या कॅप्सूलपर्यंत पोचलेल्या असतात.

गव्हातल्या ग्लुटेनचं तसंच. सीलिॲक आजार आणि हाशिमोटो एकाच माणसात सामान्यापेक्षा जास्त वेळा सापडतात. सीलिॲक असेल तर गहू सोडायलाच हवा. त्यासाठी रक्ताची तपासणी आहे आणि ती पोळी सोडण्याआधी करायची असते, कारण गहू बंद केल्यावर तीच तपासणी चुकीची नॉर्मल येऊ शकते. सीलिॲक नसलेल्या सर्वांनी पोळी सोडावी, असं म्हणायला ठोस आधार नाही.

२०१९ साली अमेरिकेत १७ बायकांना दहा आठवडे धान्यं, डाळी, दूध, अंडी वर्ज्य असलेला कडक आहार दिला गेला. त्यांचं दैनंदिन जगणं सुधारलं. थायरॉईडचे आकडे आणि प्रतिपिंडं मात्र जिथल्या तिथे राहिली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सेलेनियममध्ये आकडा हलला आणि बाईचं काय झालं ते नीट कळलं नाही. इथे बाईला बरं वाटलं आणि आकडा हलला नाही. या वीस-पंचवीस वर्षांतलं सारं संशोधन याच फटीत अडकलं आहे, असं मला वाटतं.

त्या फटीत थोडा उजेड पडला तो अनपेक्षित ठिकाणाहून. नॉर्वेतल्या संशोधकांनी, औषधाने टीएसएच नॉर्मल असूनही थकलेल्या आणि प्रतिपिंडं खूप चढलेल्या दीडशे रुग्णांपैकी काहींची ग्रंथीच काढून टाकली. २०१९ साली निष्कर्ष आले. शस्त्रक्रिया झालेल्यांचा थकवा दीड वर्षात स्पष्ट कमी झाला. पण शंभरातल्या चौदा जणांना गुंतागुंत झाली, म्हणून हा सर्रास करायचा उपाय नव्हे. तरीही मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. थकवा फक्त हार्मोनच्या कमतरतेचा नसून त्या धुमसत्या दाहाचाही असावा, ही शंका त्याने गंभीरपणे मांडली. ‘सगळं मनाचे खेळ आहेत’ असं ऐकून घेणाऱ्या बायकांची बाजू त्याने घेतली.

नवी औषधं मात्र आजवर मुख्यतः ग्रेव्ह्ज आजाराच्या, म्हणजे ग्रंथी जास्त चालणाऱ्या स्वयंप्रतिकारक आजाराच्या बाजूने आली. डोळे बाहेर येणाऱ्या थायरॉईड-नेत्रविकारावर अमेरिकेत २०२० साली टेप्रोट्युमुमॅबला मान्यता मिळाली. त्याच विकाराच्या सौम्य अवस्थेत सेलेनियमचा उपयोग होतो, हे २०११ साली युरोपात दिसलं होतं. सेलेनियमची खरी जागा तिथे सापडली. हाशिमोटोसाठी ब्राझीलमध्ये सौम्य लेझर वापरून पाहिला गेला, पण ते अभ्यास लहान आहेत. स्वस्त गोळीने काम भागतं म्हणून या आजाराच्या मुळाशी जाण्याची घाई कुणालाच झालेली नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

तोवर हातात आहे ते नीट वापरू या. सकाळी उठल्यावर चहाबरोबरच गोळी घेतली जाते, किंवा डॉक्टरांनी दिलेली लोहाची, कॅल्शियमची गोळीही त्याच घोटात. चहा-कॉफीने औषध कमी शोषलं जातं; लोह आणि कॅल्शियमने तर फारच. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने, लोह-कॅल्शियम चार तासांनी. कोबी-फ्लॉवर शिजवून बेतानं खायला हरकत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, त्याने थायरॉईडचे आकडे चुकतात. कोणत्याही आहाराच्या भरवशावर गोळी बंद करू नका. आणि दिवस राहिल्याचं कळलं की त्याच आठवड्यात टीएसएच तपासून घ्या, कारण गरोदरपणात गोळीचा डोस बहुधा वाढवावा लागतो.