पंधरापैकी पंधरा

अमेरिकेच्या दक्षिणेत शनिवार हा कॉलेज फुटबॉलचा वार. लुइझियानातल्या बॅटन रूजला लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा, म्हणजेच एलएसयूचा सामना असला की स्टेडियमभोवती सकाळपासूनच गंबो आणि जांबलायाची पातेली चढतात. संध्याकाळी एक लाखाहून अधिक आसनांचं टायगर स्टेडियम गच्च भरतं. या गर्दीने चांगले संघ पुष्कळ पाहिले होते, पण २०१९च्या संघासारखा एकही नाही.

हे फुटबॉल मुख्यतः हाताने खेळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलं की आणखी चार प्रयत्न मिळतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचला की टचडाउन, सहा गुण. चेंडू घेऊन धावायचं की लांब फेकायचा, हा खरा डावपेच. एलएसयू हा जुन्या वळणाचा, धावण्यावर आणि भक्कम बचावावर विसंबणारा संघ होता. अलाबामाकडून तो सलग आठ वेळा हरला होता.

प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन याच मातीतले, खाडीकाठच्या लारोझ गावचे. मिसिसिपी विद्यापीठाने २००७मध्ये त्यांना पदावरून काढलं होतं. आता त्यांनी आपल्या संघाची खेळायची रीतच बदलायचं ठरवलं आणि न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघातून ज्यो ब्रेडी हा २९ वर्षांचा सहायक आणला. मुख्य आक्रमण-प्रशिक्षक स्टीव्ह एन्समिंगर साठी ओलांडलेले. या दोघांनी मिळून आक्रमण नव्याने बांधलं: एकाच वेळी पाच-पाच खेळाडू पास झेलायला मैदानभर पांगायचे आणि निर्णय चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर सोडायचा.

तो क्वार्टरबॅक होता ज्यो बरो. ओहायो स्टेटमध्ये तीन वर्षं राखीव बाकावर काढून तो २०१८मध्ये इथे आला होता. पहिल्या हंगामात त्याचे टचडाउन पास होते १६. दुसऱ्या हंगामात ते झाले ६०!

या बदलाची पहिली कसोटी ७ सप्टेंबरला ऑस्टिनमध्ये लागली. टेक्सासविरुद्ध ३७-३१ अशी आघाडी, सामना संपायला जेमतेम अडीच मिनिटं आणि तिसऱ्या प्रयत्नात १७ यार्ड हवेत. जुन्या एलएसयूने इथे धावून वेळ संपवला असता. बरो मात्र अंगावर येणाऱ्या बचावपटूंना चुकवत दोन पावलं पुढे सरकला आणि त्याने जस्टिन जेफरसनकडे चेंडू फेकला. जेफरसनने तो झेलून थेट शेवटचा पट्टा गाठला. एकूण ६१ यार्ड! सामना ४५-३८ असा खिशात.

नोव्हेंबरमध्ये अलाबामाला त्यांच्याच मैदानावर ४६-४१ असं हरवलं आणि आठ वर्षांचा सल निघाला. १४ डिसेंबरला बरोला सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला. तो स्वीकारताना त्याने ओहायोतल्या आपल्या अथेन्स परगण्यातल्या गरिबीचा आणि उपाशीपोटी शाळेतून घरी जाणाऱ्या मुलांचा उल्लेख केला. त्या शब्दांनी लोक हलले. तिथल्या अन्न मदत केंद्राकडे पाच लाख डॉलरहून अधिक देणग्या आल्या.

२८ डिसेंबरचा उपांत्य सामना संघाच्या कायम लक्षात राहील. सामन्याला यायला निघालेल्या एन्समिंगर यांच्या सुनेचा त्याच सकाळी विमान अपघातात मृत्यू झाला. तरीही ते आपल्या जागी बसले आणि त्यांनी डावपेच पाठवले. मध्यंतरापर्यंत बरोचे सात टचडाउन पास झाले होते. ओक्लाहोमाचा ६३-२८ असा पराभव झाला.

अंतिम सामना १३ जानेवारी २०२०ला न्यू ऑर्लिन्समध्ये, म्हणजे जवळजवळ घरच्याच अंगणात. समोर सलग २९ सामने जिंकलेला क्लेमसन. दुसऱ्या सत्रात एलएसयू १७-७ असा मागे होता. मग पास झेलणाऱ्या जामार चेसने बचावाची फळी फोडली. त्याचे एकूण २२१ यार्ड झाले, बरोचे पाच टचडाउन पास, आणि निकाल ४२-२५: पंधराव्या सामन्यात पंधरावा विजय. हंगामाआधीच्या क्रमवारीतले पहिले चारही संघ, क्लेमसन, अलाबामा, जॉर्जिया आणि ओक्लाहोमा, एलएसयूने हरवले होते.

एप्रिलमध्ये या संघातले १४ खेळाडू व्यावसायिक संघांनी निवडले. पहिली निवड बरोची, सिनसिनाटीकडून. ब्रेडीही व्यावसायिक संघाकडे गेला. पुढच्या हंगामात एलएसयूने पाच सामने जिंकले आणि पाच गमावले. २०२१मध्ये सिनसिनाटीने चेसलाही घेतलं, आणि बॅटन रूजमध्ये जमलेल्या या जोडीने तो संघ त्याच मोसमात सुपर बोलपर्यंत, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला.