मिठूची नखं आणि पिंजऱ्याची दांडी

दादर ज्वारी हुरड्यावर आली की शिरपूर तालुक्यातल्या शेतांवर पोपटांचे थवे उतरतात. राखणदार गोफण फिरवतो, डबे वाजवतो, थवा उठतो आणि पुढच्या शेतात बसतो. कणसाला उलटं लटकायचं, दाणे खुडायचे, मग बांधावरच्या निंबाच्या खडबडीत सालीवर नखं रोवत ढोलीपर्यंत चढायचं, असा त्यांचा दिवस जातो. या पोपटांची नखं कधी कुणाला कापावी लागत नाहीत. ओट्यावर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या पोपटाची नखं मात्र विळ्यासारखी वळत जातात आणि घरातलं कुणीतरी काळजीने सांगतं, ‘मिठूना नखं वाढी ग्यात.’ मग नेलकटर शोधलं जातं.

नेलकटर हातात घेण्याआधी पिंजऱ्यातली दांडी पाहायला हवी. नखं वाढण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

पोपटाच्या पायाला चार बोटं असतात. मधली दोन पुढे, बाहेरची दोन मागे. त्यामुळे फांदीवर पुढून आणि मागून सारखी पकड बसते. नख म्हणजे केराटिनचं कवच, आपल्या नखांचा आणि केसांचा जो पदार्थ तोच. त्याच्या आत हाडाचं टोक, रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. कवच सतत वाढत राहतं, कारण निसर्गात ते सतत झिजत असतं.

हे नख किती कामाचं आहे, याचा सुंदर अभ्यास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. पॅरटलेट नावाच्या मुठीएवढ्या पोपटांना वेगवेगळ्या दांड्यांवर उतरायला लावलं: काही लाकडी, काही सँडपेपर गुंडाळलेल्या, काही टेफ्लॉनसारख्या गुळगुळीत. दांडी कशीही असली तरी पक्ष्यांचं उडत येणं जवळपास सारखंच होतं. फरक पडत होता तो दांडीला पाय लागल्यानंतर. बोटं दांडी आवळत, नखं पृष्ठभागावरून ओढली जात आणि खाचखळगा सापडला की तिथेच रुतत. हा सगळा प्रकार डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या झटपट होतो. म्हणजे पोपट प्रत्येक बसण्यागणिक नखाने जागा चाचपत असतो आणि त्या चाचपण्यातच नखाचं टोक झिजतं.

आता आपल्याकडचा पिंजरा पाहा. लोखंडी तारेचा, आत प्लास्टिकची किंवा रंधा मारलेली एकच गोल दांडी. नख रुतायला खाच नाही, चढायला साल नाही, कुरतडायला काही नाही. दांडीची जाडी सगळीकडे सारखी, त्यामुळे तळव्याच्या त्याच त्या जागेवर रात्रंदिवस भार पडतो. तिथली कातडी आधी गुळगुळीत आणि लाल होते, पुढे जखम होऊन पाय सुजतो. वाढलेलं नख आणि दुखरा तळवा ही दोन्ही दुखणी त्या एकाच दांडीतून येतात. नख कापून यातलं निम्मं दुखणंही जात नाही, महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा कात्री घ्यावी लागते.

उपाय आपल्या अंगणात आहे. कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या सालीसकट फांद्या घ्या, कमी-जास्त जाडीच्या, थोड्या वाकड्या असल्या तर उत्तमच. पक्षी बसल्यावर बोटांनी फांदीचा साधारण दोन तृतीयांश घेर धरला पाहिजे. पुढची आणि मागची नखं एकमेकांना टेकत असतील तर ती फांदी बारीक आहे. फांद्या गरम पाण्याने घासून धुवा आणि उन्हात खडखडीत वाळवा; खान्देशात उन्हाला तोटा नाही. साल कुरतडून संपली की फांदी बदला. पोपटाने ती कुरतडावी म्हणूनच तर ती आत लावायची.

शेतातली पऱ्हाटी आयती मिळते म्हणून ती मात्र पिंजऱ्यात लावू नका. कपाशीवर हंगामभर फवारण्या झालेल्या असतात आणि पोपट जे धरतो ते चोचीत घालतो. कण्हेर आणि रुई या विषारी झाडांच्या फांद्याही नकोत. बाजारात दांडीवर चढवायच्या सँडपेपरच्या नळ्या मिळतात. त्यांनी नख फारसं झिजत नाही, तळवा मात्र सोलवटतो. सिमेंटची खडबडीत दांडी चालते, पण एकच आणि तीही दाण्याच्या वाटीजवळ, म्हणजे खाण्यापुरतं तिच्यावर बसणं होईल. झोपायची सर्वात वरची जागा फांदीचीच हवी.

नख खरंच वाढलंय का, हे कसं ओळखायचं? पक्ष्याला टेबलासारख्या सपाट जागेवर उभं करा आणि बाजूने पाहा. बोटाचा तळ टेबलाला टेकला असेल तर नख ठीक आहे, थोडी वक्रता असणारच. नखामुळे बोट वर उचललं जात असेल, बोट एका अंगाला वळत असेल किंवा नख सारखं कापडात आणि पिंजऱ्याच्या जाळीत अडकत असेल, तर ते लांब झालं. अडकलेलं नख सोडवायला घाबरलेला पक्षी फडफडतो आणि त्या झटापटीत नख उपटतं, कधी पायही मोडतो. म्हणून वाढलेलं नख तसंच ठेवणं हाही उपाय नाही.

कापायचं कामही समजून केलं पाहिजे. पांढुरक्या नखात आतली रक्तवाहिनी गुलाबी रेघेसारखी दिसते, बजरीगर या छोट्या परदेशी पोपटांपैकी बऱ्याच जणांत ती उजेडात स्पष्ट ओळखू येते. गडद नखात ती दिसतच नाही, तिथे अंदाजाने कापणं धोक्याचं. शिवाय नख फार दिवस वाढलेलं असेल तर रक्तवाहिनीही त्याच्यासोबत पुढे आलेली असते. अशा वेळी एकदम मापात आणण्याचा हट्ट सोडावा. फक्त टोक काढावं, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा थोडं. रक्तवाहिनी हळूहळू मागे सरकते. घरी करायचंच असेल तर मला कात्रीपेक्षा बारीक कानस बरी वाटते. वेळ लागतो, पण हात चुकला तरी इजा थोडी होते.

धरताना एक गोष्ट काहीही झालं तरी विसरू नका: पोपटाची छाती दाबायची नाही. आपल्यासारखं श्वासपटल पक्ष्याला नसतं. त्याच्या छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. घट्ट मुठीत धरलेला पक्षी चोच मोकळी असूनही गुदमरतो. मऊ सुती पंच्यात सैल गुंडाळून, अंगठा आणि बोट जबड्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून डोकं स्थिर करावं आणि दुसऱ्या माणसाने एकेक बोट धरून काम करावं. चोच उघडी टाकून धापा टाकू लागला की लगेच सोडून द्यावं. उरलेली नखं दुसऱ्या दिवशी. पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत हे काम पहाटेच्या गारव्यातच करावं.

रक्त आलंच तर? बजरीगराचं वजन तीसेक ग्रॅम, त्याच्या अंगात रक्त साधारण तीन मिलिलिटर. निरोगी पक्षी त्यातलं दहाव्या हिश्शापर्यंत गमावलेलं सोसतो, म्हणजे अवघे पाच-सहा थेंब. आपल्याला किरकोळ वाटणारं रक्त त्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून कापण्याआधीच वाटीत कॉर्नफ्लोअर किंवा रक्त थांबवायची पावडर काढून ठेवावी आणि टोकावर मिनिट-दोन मिनिटं दाबून धरावी. तरीही थांबत नसेल तर वाट न पाहता डॉक्टरकडे जावं.

दांडी चांगली, फांद्या आहेत, तरी नखं भराभर वाढतात, असंही होतं. सोबत चोचही लांबत असेल, नखावर किंवा चोचीवर काळपट डाग दिसत असतील, तर शंका यकृताची घ्यावी. वर्षानुवर्षं नुसते शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या पोपटाच्या यकृतात चरबी साठते, अ जीवनसत्त्वही कमी पडतं. आपल्या भागात पपई भरपूर पिकते. पपई, गाजर, लाल भोपळा, पालेभाजी यांचा त्याच्या आहारात रोज वाटा हवा. बजरीगराच्या पायांवर आणि चोचीभोवती खरखरीत पांढरी पापुद्री दिसली तर तो सूक्ष्म किड्यांचा त्रास असतो. त्याला औषध आहे, पण ते डॉक्टरनेच द्यायचं. तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यातलं मुख्य काम गाई-म्हशी आणि बैलांचं. म्हणून पक्षी पाहणारा डॉक्टर धुळे, नाशिक किंवा इंदूरला मिळतो का, याची चौकशी पक्षी धडधाकट असतानाच करून ठेवावी.

इथपर्यंतचं सगळं बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड अशा परदेशी कुळातल्या पाळीव पक्ष्यांसाठी. आफ्रिकन ग्रे, मकाव यांसारखे पक्षी ठेवणाऱ्यांना 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही करावी लागते. आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला पोपट मात्र पाळताच येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे आणि 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. तो पकडणं, विकणं, विकत घेणं, पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. पहाडी पोपटालाही हेच लागू होतं. ‘आजोबांच्या काळापासून आमच्याकडे मिठू असतो’ असं सांगणारी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांचा जीव त्या पक्ष्यावर असतो, यात मला शंका नाही. पण बाजारात येणारं प्रत्येक पिल्लू कुठल्यातरी ढोलीतून उपसलेलं असतं आणि विकत घेणारं घर पुढच्या ढोलीची सुपारी देत असतं.

असा पोपट घरी असेल तर कायद्याच्या भीतीने पिंजऱ्याचं दार उघडून त्याला हाकलू नका. वाढलेल्या नखांनी त्याला सालीवर नीट पकड घेता येत नाही, पंख कातरलेले असतील तर उडता येत नाही, दाणा शोधणं तो शिकलेलाच नसतो. मांजर किंवा कावळे त्याला संध्याकाळपर्यंत गाठतात. वन विभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या 1926 क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या वनक्षेत्र कार्यालयात कळवा. पक्षी किती वर्षं पिंजऱ्यात आहे, काय खातो, पंख कधी कातरले होते, हे खरंखरं सांगा. त्यावरूनच त्याला पुन्हा मोकळं सोडता येईल की नाही, हे ठरतं. तो हवाली करेपर्यंत पिंजऱ्यात निंबाची सालीसकट फांदी लावा, नखांना मात्र हात लावू नका. ते काम तिथला डॉक्टर पाहील.