मोटर भरणारे

उन्हाळा लागला की तालुक्याच्या गावातल्या वायंडिंगच्या दुकानासमोर जळक्या मोटरींची रांग लागते. विहिरीचं पाणी खोल गेलेलं, वीज रात्रीची, तीही कमी दाबाची. ‘मोटर भरायला टाकलीय’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

कारागीर मोटर उघडतो, वास घेतो आणि नुसता बघत राहतो. तारा सगळीकडे सारख्या काळ्या असतील तर मोटर ओढून ओढून दमली. स्टार जोडणीत दोन फेज कोळसा आणि तिसरा कोरा दिसला, तर लाइनवरचा एक फेज गेला होता आणि मोटर तशीच चालू राहिली. ‘आपोआप जळाली,’ शेतकरी म्हणतो. कारागीर वाद घालत नाही.

मग जुनी तार निघते. (त्या तांब्याच्या भंगारावर कोणाचा हक्क, ही हुज्जत ठरलेली.) स्टेटर, म्हणजे मोटरीचा स्थिर भाग, २४ खाचांचा असेल तर प्रत्येक फेजच्या वाट्याला ८ खाचा. खाचेत आधी कागद, मग फॉर्म्यावर गुंडाळलेली वेटोळी, वरून बांबूची पट्टी. तारेवरच्या एनॅमलला एक ओरखडा गेला तरी दिवसाची मेहनत वाया. वेढे मोजताना हाक मारली तर उत्तर मिळत नाही.

तारेतून वीज गेली की जवळची चुंबकसूची हलते, हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवलं. तारेचं वेटोळं केलं की तो जोर एकवटतो. वेढ्यांनी आणि आतल्या लोखंडाने आणखी वाढतो. तीन फेजांची वीज एकामागून एक चढते-उतरते, म्हणून स्टेटर जागचा न हलता चुंबकत्व मात्र आत गोल फिरतं. आपली वीज ५० हर्ट्झची; दोन ध्रुवांच्या मोटरीत मिनिटाला ३००० फेरे. आतला फिरता भाग, रोटर, त्याच्या थोडा मागे राहूनच धावतो. बरोबरीने धावला तर त्याला ओढच लागणार नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं तर रोटर घालण्याआधी दुकानात थांबावं. रिकाम्या स्टेटरला कमी दाबाची तीन फेज वीज देऊन कारागीर आत बेअरिंगचा छर्रा सोडतो. छर्रा भिंत धरून गरगरा पळतो. एखादं वेटोळं उलटं जोडलेलं असेल तर अडखळतो. टेस्लाच्या फिरत्या चुंबकत्वाने १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात तांब्याचं अंडं असंच फिरून टोकावर उभं राहिलं होतं. मला छर्राच जास्त आवडतो. त्याच्यावर कोणाचं तरी पीक अडलेलं असतं.

मोटर विहिरीवर जाते आणि संध्याकाळी फोन येतो: पाणी जेमतेम पडतंय.

‘उलटी फिरतेय, दादा. मेन बंद करा आणि कुठल्याही दोन वायरी आलटून-पालटून लावा.’