न फोडता आतले पाहणे

मडके घेताना आपण त्यावर टिचकी मारतो. खणखणीत वाजले तर पक्के, बद्द वाजले तर कुठेतरी चीर. ऑस्ट्रियाचे वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून रोग ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली, तीही याच जातीची. आम्हा डॉक्टरांना ती आजही उपयोगी पडते. लोखंड आणि काँक्रीट तपासताना हीच टिचकी श्राव्यातीत ध्वनीने मारतात, म्हणजे सेकंदाला २०,००० हून अधिक कंपनांच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने. हा आवाज उत्पन्न करण्याची एक रीत आज पाहू.

१८४२ मध्ये इंग्लंडच्या जेम्स जूल यांना आढळले की लोखंडाची कांब चुंबकित केली की तिची लांबी किंचित बदलते. याला मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात. निकेल असे आखडते. मीटरभर कांबेत फरक मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या हिश्शाइतका. टर्बियम, डिस्प्रोशियम आणि लोखंड यांच्या टर्फेनॉल-डी या मिश्रधातूत तो मिलिमीटरहून अधिक भरतो.

याचा पुरावा रोज कानावर पडतो. ट्रान्सफॉर्मरची घूं-घूं मुख्यतः यामुळेच होते. विजेची आवर्तने सेकंदाला ५०. पण चुंबकत्व कोणत्याही दिशेचे असो, पत्रा तसाच ताणतो, म्हणून कंपने होतात १००.

निकेलच्या पातळ पट्ट्यांच्या गठ्ठ्याभोवती तारेचे वेटोळे घालून त्यातून भराभर उलटसुलट होणारी वीज सोडली की श्राव्यातीत ध्वनी तयार. कंपने दुप्पट होऊ नयेत म्हणून एक कायमचे चुंबकत्व सोबत ठेवतात. झोक्याला योग्य वेळी रेटा द्यावा, तसा विजेचा वेग गठ्ठ्याच्या लांबीशी जुळवला की कंपन जोमदार होते. दातांवरची कीट काढणाऱ्या काही यंत्रांत असाच गठ्ठा असतो.

पोलादातल्या बारीक चिरा शोधायला वरच्या कंप्रतेचे स्फटिक वापरतात. काँक्रीटसारख्या खडबडीत पदार्थातून मात्र खालची कंप्रताच दूर जाते. १९९२ च्या आयएस १३३११ या भारतीय मानकाने त्या टप्प्यासाठी मॅग्नेटोस्ट्रिक्शनची साधने अधिक योग्य म्हटली होती. एका बाजूने ध्वनी सोडायचा, दुसऱ्या बाजूला लागलेला वेळ मोजायचा. १९९२ च्या त्या मानकात वेग सेकंदाला ४.५ किलोमीटरहून जास्त तर काँक्रीट उत्तम मानले जाई. ३ हून कमी तर त्यात ते शंकास्पद ठरे.

नालछ्याहून धारला गेलात की लाट मशिदीजवळचा लोहस्तंभ पाहा. तीन तुकडे, मिळून सुमारे १३ मीटर. लोखंडाचे तापवलेले गोळे ठोकून-जोडून तो घडवला. अशा लोखंडात मळीचे कण आणि अर्धवट सांधे असू शकतात. त्याचा एक कपचाही न काढता आत डोकवायचे, तर ध्वनीसारखा मार्ग नाही.

पण आपल्यासाठी खरा प्रश्न जवळचा आहे : शाळेचा जुना स्लॅब, गावातली पाण्याची टाकी. वरून रंग लावला की भेग दिसत नाही, आणि नुसत्या भीतीपोटी चांगली इमारतही पाडली जाते. दोन्हींत नुकसान आपलेच. मात्र एका आकड्यावर भिस्त ठेवू नये. ओलावा आणि आतल्या सळया वेग वाढवून दाखवतात. नाडीबरोबर रोग्याची हकीकतही ऐकावी लागते, तसे जाणकार अभियंत्याने इतर चाचण्यांशी ताडून निदान करावे. ते लेखी मागण्याचा आग्रह आपण धरावा, दुरुस्तीपूर्वीही आणि पाडण्यापूर्वीही.