पाहुण्याचा पाहुणा

‘कॉटेज’ हा शब्द कोकणात फार जुना नाही. अलिबागपासून खाली मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर असं किनाऱ्याकिनाऱ्यानं गेलात, तर आता घराआड एक पाटी दिसते. अमुक कॉटेज, तमुक होम स्टे. पाटी ओलांडून आत शिरलं की दिसते ती नारळी-पोफळीची वाडी, पुढं घराची ओटी आणि मागं, जिथं पूर्वी गोठा होता तिथं, बांधलेल्या दोन-तीन खोल्या. त्या खोल्या म्हणजे कॉटेज. बाकीचं सगळं कुणाचं तरी राहतं घर असतं. तिथं म्हातारी माणसं दुपारी झोपतात, खळ्यात सुपारी वाळत असते, कोंबड्या मोकळ्या हिंडत असतात.

हल्ली शहरातली मंडळी सुट्टीला निघाली, की त्यांच्याबरोबर घरचा कुत्राही निघतो. निघावाच. घरातला एक जीव बंद फ्लॅटमध्ये किंवा अनोळखी पिंजऱ्यात ठेवून बाकीच्यांनी समुद्रावर जायचं, हे मुलांना पटत नाही, आणि मुलांचं बरोबर आहे. माझ्या लेकीकडे एक लॅब्रॅडॉर आहे, बादल त्याचं नाव. त्याच्यामुळं माझ्या कोकणच्या फेऱ्यांत बराच फरक पडला. मला समुद्राकडे बघत बसायचं असतं आणि त्याला समुद्रात शिरायचं असतं. तेव्हा हा विषय मी थोडा जवळून पाहिलेला आहे.

लोक फोनवर एकच प्रश्न विचारतात. “कुत्रा चालेल ना?” पलीकडून उत्तर येतं, “चालेल की, आणा!” आणि दोन्हीकडच्यांना वाटतं, बोलणं झालं. खरं तर बोलणं तिथून सुरू व्हायला हवं. मालकाच्या मनातला कुत्रा असतो अंगणात साखळीला बांधलेला, राखणीचा. तुमचा कुत्रा असतो गादीवर झोपणारा. तेव्हा सरळ विचारावं, “काकू, हा रात्री आमच्याबरोबर खोलीत झोपतो, चालेल का? तुमच्याकडे कोंबड्या, मांजर, दुसरा कुत्रा आहे का? वाडीला गडगा आहे का?” काकू एखादवेळी म्हणतील, “खोलीत चालेल हो, पण ओटीच्या वर नको.” हे उत्तर ‘चालेल की’पेक्षा शंभरपटीनं चांगलं. त्यात नक्की काय चालतं आणि काय नाही, ते कळतं.

ओटीच्या वर का नको, हेही समजून घेण्यासारखं आहे. कुठं आत देवघर असतं, सोवळं असतं. गंमत अशी, की त्याच ओटीवर दत्ताची तसबीर टांगलेली असते आणि तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री ऐटीत उभी असतात. पण तसबिरीतल्या कुत्र्याला लाळ नसते!

श्रीवर्धन, बाणकोट, दाभोळ या बाजूला आमच्या कोकणी मुसलमानांची वस्ती मोठी आहे. तिथं एक वेगळी बाब पाहुण्यांना ठाऊक नसते. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. या पंथात कुत्र्याची लाळ, त्याचं ओलं नाक किंवा ओलं अंग कपड्याला लागलं, तर तो कपडा सात वेळा धुवावा लागतो आणि त्यातली एक धुणी मातीच्या पाण्याची. तसं केल्याशिवाय त्या कपड्यावर नमाज होत नाही. आता कल्पना करा. मगरिबच्या अजानला अजून पाच मिनिटं आहेत, एक म्हातारबाबा स्वच्छ कुर्ता घालून मशिदीकडे निघालेत आणि समुद्रात डुंबून आलेला तुमचा लाडका धावत जाऊन त्यांच्या अंगावर पाय ठेवतो. तुम्ही हसत म्हणता, “काही करत नाही हो तो, प्रेमळ आहे!” त्यांना त्याच्या प्रेमाबद्दल शंका नाही. त्यांना परत घरी जाऊन कपडे बदलायचे आहेत आणि मगरिबची वेळ थोडकी असते. ते रागावतात तेव्हा लोकांना वाटतं, मुसलमानांना कुत्र्याचं वावडं. तसं नाही. राखणीचा आणि शिकारीचा कुत्रा पाळायला मुभा आहे. तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाली, ही गोष्ट आमच्या घराघरांत मुलांना सांगतात. गुहेत झोपी गेलेल्या तरुणांच्या कथेत त्यांचा कुत्रा उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला आहे, आणि ती कथा कुराणातली आहे. अडचण कुत्र्याची नसते, ओल्या स्पर्शाची असते. गल्लीतून जाताना साखळी हात-दीड हात आखूड धरली, की ती अडचण उरत नाही. सोवळ्याच्या घरीही हाच उपाय लागू पडतो!

आता प्रवास. रेल्वेनं न्यायचं तर नियम कडक आहे. कुत्रा प्रवाशाबरोबर फक्त पहिल्या वर्गात नेता येतो, तोही दोन किंवा चार बर्थचा आख्खा कूपे-केबिन आपल्या नावावर असेल तर. नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. मे महिन्यात त्या पेटीत कुत्रा घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोटार असेल तर मुंबईकरांना २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट आहे. कुत्र्याबाबतचे त्यांचे नियम तिकीट काढतानाच विचारून घ्यावेत. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे दिवेआगर गाठता येतं, पण घाटाच्या वळणांवर कुत्र्यांना माणसांसारखीच मळमळ होते. निघण्याआधी तीन-चार तास खायला न देणं बरं, पाणी मात्र द्यावं. पुढं दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे अशा खाड्या फेरीबोटीनं ओलांडाव्या लागतात. फळी लोखंडावर आपटल्याचा आवाज, इंजिनाची घरघर, आणि काचा बंद केलेली तापलेली गाडी. त्या दहा-पंधरा मिनिटांत त्याला साखळी लावून खाली उतरवून उभं करावं. बंद गाडीत, काच बोटभर उघडी ठेवूनसुद्धा, कुत्रा एकटा ठेवायचा नाही, बोटीवरही नाही आणि वडापावच्या गाडीसमोरही नाही.

उन्हाचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण जीव जातो तो इथं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तळव्यांना थोडा येतो, बाकी सारी भिस्त जिभेवर. तो धापा टाकतो तेव्हा ओल्या जिभेवरून, तोंडातून, नाकातून वारा फिरतो, ओल उडून जाते आणि उष्णता बाहेर पडते. आता कोकणातल्या घरी दोरीवर टाकलेला टॉवेल आठवा. संध्याकाळपर्यंत तो दमटच राहतो. जिथं टॉवेल वाळत नाही, तिथं कुत्र्याची जीभ कशी वाळणार? म्हणून पुण्याच्या कोरड्या ३८ अंशांत सावलीला निवांत बसणारा कुत्रा किनाऱ्यावरच्या दमट ३४ अंशांत कासावीस होऊ शकतो. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर वारा घ्यायला जागाच कमी. त्यांना एप्रिल-मे महिन्यात नेऊच नये, डिसेंबर-जानेवारीत न्यावं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ते १०५-१०६ कडे गेलं की धोका. थर्मामीटर हाताशी नसतो, तेव्हा लक्षणं बघावीत. न थांबणारी धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, पाय लटपटणं, उलटी. लगेच सावलीत आणून अंगावर, विशेषतः पोटावर आणि जांघेत, साधं पाणी ओतत राहावं आणि वारा घालावा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नये, आत ऊब कोंडते. तोंडात जबरदस्तीनं पाणी घालू नये. अंग निवायला लागलं, की मग डॉक्टरकडे धाव. तालुक्याच्या पशुवैद्याचा नंबर पोचल्या दिवशीच यजमानांकडून घेऊन ठेवावा.

म्हणजे समुद्रावर जायचं ते सकाळी आणि संध्याकाळी. वाळू तापली आहे का, हे पाहायला हाताची मागची बाजू वाळूवर ठेवावी. सहा-सात सेकंद टेकवत नसेल, तर त्याचे तळवेही पोळणार. ओहोटीची ओली, घट्ट वाळू सगळ्यात उत्तम. ती वेळ काढायला किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब फार सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्याच्या सुमारे सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळ-संध्याकाळ भरती आणि रिकामी वाळू भर दुपारी, अगदी नको तेव्हा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी पहाटे आणि सूर्यास्ताला. कुत्रा घेऊन जाणाऱ्यांनी सुट्टी कालनिर्णय बघून ठरवावी, ती अशी. एवढंच, की त्याच दिवसांत उधाणही मोठं असतं. खडकांवर गेलेले असाल, तर पाणी परतायला लागल्यावर रेंगाळू नये.

समुद्राचं पाणी कुत्र्याला कळत नाही. तहान लागली की तो लाटा चाटतो आणि चेंडू तोंडात धरून येतानाही घोट गिळतो. थोडं मीठ गेलं तर हगवणीवर भागतं, जास्त गेलं तर झटके येण्यापर्यंत मजल जाते. गोड्या पाण्याची बाटली बरोबर हवी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याला बोलावून पाणी दाखवायला हवं. किनाऱ्यावर पडलेलं काहीही त्याला हुंगू देऊ नये. रापणीतून टाकून दिलेला केंड मासा फुगलेला, मजेशीर दिसतो, पण तो विषारी आहे. शिंगाळ्याचा काटा पंजात किंवा घशात रुततो. शिवाय जाळ्यांचे तुकडे, गळ. हे सगळं आपलं, माणसांचंच टाकलेलं.

समुद्रात भिजून आल्यावर त्याला गोड्या पाण्यानं धुवावं लागतं, नाहीतर मिठानं कातडी खाजते. पण मे महिन्यात किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरी तळ गाठतात, काही मचूळ होतात. नळाला पाइप लावून अर्धा तास आंघोळ घालणं बघून यजमानीण काही बोलणार नाही, नुसती बघत राहील. दोन बादल्या मागून घ्याव्यात, आणि शक्यतो नारळाच्या आळ्यात उभं करून धुवावं. पाणी झाडाला लागतं.

मे महिन्याची आणखी एक गोष्ट. हा आगोटीचा महिना. पावसाळ्याची बेगमी चाललेली असते. कोळीवाड्यात जवळा, बोंबील, सोडे वाळत असतात, घरांपुढं आमसुलं, आंब्याची साटं, पापड. सुक्या मासळीचा वास कुत्र्याला जन्नतचा वाटत असणार. त्यानं जवळ्यावरून एक फेरी मारली, की कुणाची तरी दोन दिवसांची मेहनत आणि पावसाळ्यातलं कालवण वाया गेलं. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायला जरूर जावं, तिथं कुत्रा मात्र नेऊ नये. आणि असं काही घडलंच, तर ‘सॉरी’ म्हणून पुढं जाऊ नये. जवळ्याचे पैसे विचारून द्यावेत.

संध्याकाळी उशिरा मोकळ्या किनाऱ्यावर साखळी सोडण्याचा मोह होतो. नोव्हेंबर ते मे या काळात तो आवरावा. या महिन्यांत ऑलिव्ह रिडले जातीची कासविणी रात्री वाळूत येऊन हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. पुढचे ४५ ते ६० दिवस त्या अंड्यांना कुणी वाली नसतो. कुत्र्याच्या नाकाला ती जागा सापडते. बाणकोटजवळच्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’नं गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी कुंपणात हलवायला सुरुवात केली, ती चोरीपासून वाचवायला आणि कुत्र्या-कोल्ह्यांपासूनही. पुढं इतर गावांनीही हे काम उचललं. पहाटे उठून वाळूतले माग शोधणारी ही गावची पोरं आहेत. कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण कायद्याचं सोडा, दोन महिने जपलेलं घरटं एका रात्रीत उकरलेलं बघितल्यावर त्या पोरांचं तोंड कसं होत असेल? थंडीत किनाऱ्यावर उतरणाऱ्या कुरव पक्ष्यांच्या थव्यातही कुत्रा सोडू नये. उडालेले पक्षी फोटोत छान दिसतात, पण परतीच्या लांबच्या वाटेसाठी साठवलेली ताकद ते तिथं खर्च करत असतात.

रात्री वाडीत फिरवताना बॅटरी हवीच. पालापाचोळ्यात घोणस असते, रत्नागिरीकडच्या कातळावर फुरसं. गावच्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. त्यांना बिस्किटं टाकून गोळा करू नये, तुम्ही गेल्यावर ती कुत्री यजमानांच्या दारात बसतात. निघण्यापूर्वी रेबीजची आणि लेप्टोची लस झालेली असावी.

परतल्यावर कानामागं, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड शोधावेत. वाडीतून ते हमखास बरोबर येतात. सापडला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावा, रॉकेल किंवा काडेपेटी लावू नये. गोचीडतापाची लक्षणं लगेच दिसत नाहीत, एक ते तीन आठवडे जातात. त्या काळात कुत्रा मलूल झाला, अन्नावरची वासना उडाली किंवा हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर डॉक्टरकडे न्यावं आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगावं, की आम्ही कोकणात जाऊन आलो.